रात्री तीनला पडणारे प्रश्न
(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. पानं अजून वाढलेली नाहीत, म्हणजे कुणी उठून जाणार नाही, या भरवशावर आज जरा नको असलेला विषय घेतो.

दिवसा कामाच्या धबडग्यात जी भीती फिरकत नाही, ती रात्री तीनला बरोबर येते. नोकरी गेली तर? मला काही झालं तर पोरांचं काय? तिकडे आईबाबांकडे कोण बघणार? आणि मुळात या सगळ्या धडपडीला अर्थ काय? सगळं एकाच गाठोड्यात येतं, म्हणून ते उचलवत नाही. शेवटच्या प्रश्नावर मी काही बोलणार नाही; त्यासाठी आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबा आहेत. पण उरलेल्यांतले बरेचसे प्रश्न कागदावर सुटणारे आहेत.

नोकरीचं पटकन सांगतो. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर इथे राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर ते दिवस नोकरी शोधण्यात जातात. नसेल, तर हातपाय गाळण्यात.

मुलांचा प्रश्न मात्र अवघड. दोघांनाही एकाच वेळी काही झालं, तर मुलं कुणाकडे राहणार हे इथलं कोर्ट ठरवतं. विलमध्ये, म्हणजे मृत्युपत्रात, आपल्यामागे मुलांना सांभाळणाऱ्या पालकाचं नाव लिहिलेलं असेल, तर कोर्ट ते विचारात घेतं. आता ते नाव ठरवायला बसा! "तुझा भाऊ?" "त्याला स्वतःचं आवरत नाही." "मग तुझी बहीण?" इथे चहा गार होतो आणि विषय पुढच्या दिवाळीवर जातो. माझ्या मते विल न होण्याचं खरं कारण वकिलाची फी नसून हा संवाद आहे. त्यातून ठाण्याची मावशी ठरली, तरी तिच्याकडे व्हिसा आहे का? ती येईपर्यंत पहिल्या रात्री मुलांना घरी कोण नेणार? म्हणून जवळपास राहणाऱ्या कुणाचं तरी नाव तात्पुरता पालक म्हणून लिहून ठेवा. त्यांना विचारून, बरं का. आपल्या हॉलमध्येच अशी चार घरं सापडतील.

भारतातल्या मालमत्तेबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: "नॉमिनी लावलाय, झालं." नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण सहसा त्यामुळे तो मालक होत नाही; मालकी बहुतेक वेळा वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. दुसरा गैरसमज मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदाचा. पुण्याच्या फ्लॅटसाठी चुलतभावाला दिलेलं मुखत्यारपत्र, देणारा गेला की त्याच्याबरोबरच संपतं. मृत्युपत्राला तिकडे स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत. इथलं एकच विल दोन्हीकडे चालेल असं धरून चालू नका, दोन्हीकडच्या वकिलांना विचारा. दोन वेगळी केलीत, तर नंतरच्यातल्या "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" या ठरावीक वाक्याने पहिलं उडत नाही ना, तेही बघा.

आणि तो ओटीपी! बँकेत नोंदवलेला नंबर बाबांच्या जुन्या सिमचा, सिम रिचार्जअभावी बंद, आणि खातं कुठल्या शाखेत हे फक्त नवऱ्याला माहीत. एका पानावर खाती, पॉलिसी, लॉकर आणि चालू फोन नंबर लिहा. बायकोला किंवा नवऱ्याला ते पान दाखवा, नुसतं "कपाटात आहे" म्हणू नका.

एवढं करून रात्री जाग येणार नाही असं नाही. माझी येते. पण आता "पोरांचं काय" इथे फार वेळ अडकायला होत नाही, कारण ते नाव लिहिलेलं आहे. मग उरतो तो अर्थाचा प्रश्न, आणि खरं सांगू, तो एकटा आला की तितकासा वाईट वाटत नाही.

आता पंगतीत शेजारी कोण बसतंय ते बघा. तात्पुरत्या पालकाचं विचारायचं असेल, तर मठ्ठा येण्याआधी विचारा. नंतर सगळे झोपेला येतात.