घड्याळातला मेलेला सेल आणि पांढरा एलईडी

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, आईने सेल काढला आणि कचऱ्यात टाकायला निघाली, म्हणलं थांब गं जरा. मल्टिमीटर लावला तर हे बघा, १.१ व्होल्ट. नवा असताना दीड असतो, म्हणजे जोर कमी झालाय पण सेल काही रिकामा नाहीये. आता हाच सेल सरळ पांढऱ्या एलईडीला लावून बघतो... ढिम्म. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, त्याच्याखाली तो डोळाच उघडत नाही.

मग याच सेलवर तो पेटवणारं छोटं सर्किट करायचं ठरवलं आणि बुधवारी गंगेवरच्या बाजारात गेलो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे भंगाराच्या पथारीवरून एक बंद पडलेला सीएफएल बल्ब उचलला, काच न फोडता खालची टोपी उघडली, कारण नळीत पारा असतो, आणि आतली ही छोटी काळी रिंग काढून घेतली. ही फेराइटची, म्हणजे चुंबकाला दाद देणाऱ्या काळ्या सिरॅमिकची. बाकी सामान म्हणजे एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा स्विचच समजा), करंटला आवर घालणारा एक किलोओहमचा रेझिस्टर आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडची बारीक तार, एक लालसर आणि एक पिवळसर. रंग वेगळेच घ्या, का ते कळेल.

दोन्ही तारा जोडीने धरायच्या आणि रिंगमधून ओवत १२-१५ वेढे मारायचे. आता कॅमेरा जवळ घेतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. लाल तारेचं सुरुवातीचं टोक आणि पिवळीचं शेवटचं टोक, ही दोन एकत्र करून सेलच्या प्लसला. मी पहिल्यांदा दोन्ही सुरुवाती एकत्र जोडल्या आणि रात्री साडेबारापर्यंत ट्रान्झिस्टरला शिव्या देत बसलो, तो बिचारा ठीकच होता. आणि हो, तारेवरचं इनॅमल, म्हणजे करंट अडवणारा पातळ थर, ब्लेडने खरवडल्याशिवाय डाग देऊ नका, वरून चकचकीत दिसतं पण आत करंटच जात नाही.

ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस, एमिटर. उरलेलं लाल टोक रेझिस्टरमधून बेसला, उरलेलं पिवळं कलेक्टरला, एमिटर सेलच्या मायनसला. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड एमिटरला.

आणि हे बघा, पेटला!

आता १.१ चे ३ कुठून झाले? नळ जोरात चालू असताना फटकन बंद केला की पाइपात ठक् वाजतं ना, वाहतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं, कॉइलमधल्या, म्हणजे रिंगवरच्या वेढ्यांतल्या करंटचं तसंच आहे. ट्रान्झिस्टर चालू झाला की पिवळ्या वेढ्यांत करंट वाढत जातो, तोच लाल वेढ्यांतून बेसला अजून ढकलतो, मग एका हद्दीला वाढ थांबते, ढकलणं संपतं आणि ट्रान्झिस्टर खटकन बंद. अडलेला करंट मग व्होल्टेज वर चढवून एलईडीतून वाट काढतो. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं, त्यामुळे लुकलुक डोळ्याला दिसतच नाही. फुकट काही मिळत नाही बरं का, व्होल्ट वाढले तेवढा करंट कमी, थोडं उष्णतेत जातं ते वेगळंच.

याला जूल थीफ म्हणतात, जूल म्हणजे ऊर्जेचं एकक, त्यामुळे चोर कसला ते कळलंच असेल. १९९९ साली एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात हे सर्किट आलं होतं, नाव नंतर चिकटलं.

रात्री तसाच चालू ठेवून देवघराशेजारी ठेवला. सकाळी मिणमिणत होता, वाचायला नाही पण चप्पल सापडेल एवढा. मी शहाणपणा करून सेल काढला आणि परत लावला तर पेटेचना, कारण चालू असलेलं सर्किट कमी व्होल्टवरही तग धरतं, पण पहिल्यांदा सुरू व्हायला बेसला ०.६ च्या आसपास तरी पाहिजेच. आई म्हणाली, आता टाकू का?