थांबता येणारा रिसाला

(दृश्य: पहाट. माळावर घोड्यांची रांग, नाकपुड्यांतून वाफ. आवाज फक्त लगामांच्या कड्यांचा.)

घोडा आणि चिलखत घातलेला स्वार, दोघांचं मिळून वजन पाच-साडेपाचशे किलो भरतं. अशी शंभर जनावरं एका ओळीत सुटली की त्यांना पुढे ढकलावं लागत नाही. घोडा कळपातला प्राणी. शेजारचा उधळला की हाही उधळतो. समोरची फळी फुटली, शत्रूच्या पाठी दिसू लागल्या, त्या पाठींपलीकडे सामानाच्या गाड्या दिसल्या, की स्वाराचंही तेच होतं. सेनापतीचा कस लागतो तो यानंतरच्या पाच मिनिटांत.

(दृश्य: एजहिलचा उतार, वरून.)

२३ ऑक्टोबर १६४२. इंग्लंडमध्ये राजा चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीची पहिली मोठी लढाई. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट, वय २२, याच उतारावरून रिसाला, म्हणजे घोडदळ, घेऊन सुटला. पार्लमेंटचे घोडेस्वार त्याच्यापुढे टिकले नाहीत. रूपर्टचे स्वार त्यांच्या मागे थेट किनेटन गावापर्यंत गेले, गाड्या लुटत बसले, आणि इकडे राजाचं पायदळ उघडं पडलं. ते परतले तोवर अंधार पडू लागला होता. जिंकता येण्यासारखी लढाई बरोबरीत सुटली.

त्या दिवशी पार्लमेंटच्या बाजूला ६० स्वारांचा एक कप्तान होता. ऑलिव्हर क्रॉमवेल, वय ४३, हंटिंग्डनचा जमीनदार, पार्लमेंटचा सभासद. त्या वर्षाआधी त्याने लढाई पाहिलेली नव्हती. होता तो कडवा प्युरिटन, म्हणजे सोवळ्या, बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट पंथाचा: रोज प्रार्थना, रोज बायबल, रोज स्वतःच्या पापांचा हिशेब. रिसाल्याचं तंत्र त्याला कुणी शिकवलं ते सोडून देऊ. माणसं कशी निवडायची, हे मात्र त्याचं त्यानेच ठरवलं.

(दृश्य: हस्तलिखित पत्र, अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा.)

आपल्याकडचे स्वार म्हणजे म्हातारे नोकर आणि दारूच्या गुत्त्यावरची पोरं, असं त्याने आपला आतेभाऊ जॉन हॅम्पडन याला तोंडावर सांगितलं. समोरचे सरदारपुत्र अब्रूसाठी लढतात. त्यांच्यासमोर टिकायला तितकंच खोल काहीतरी मनात असलेली माणसं हवीत. तसली गोष्ट त्याला एकच ठाऊक होती: देवाचं भय.

१६४३ च्या उन्हाळ्याअखेरीस सफक परगण्यातल्या पार्लमेंटच्या समितीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, नुसत्या नावाच्या सभ्य गृहस्थापेक्षा मला जाड्याभरड्या तपकिरी कोटातला साधा कप्तान चालेल, पण आपण कशासाठी लढतो हे त्याला माहीत हवं आणि जे माहीत आहे त्यावर त्याचं प्रेम हवं. हे सुभाषित नव्हे, नेमणुकीवरून झालेलं भांडण आहे. राल्फ मार्जरी नावाच्या कप्तानाला घराणं नाही, अशी तिथल्या प्रतिष्ठितांची तक्रार होती. क्रॉमवेलने मार्जरीला ठेवलं.

पुढच्या मार्चमध्ये दुसरं भांडण. आपल्याच फौजेतल्या क्रॉफर्ड या स्कॉटिश सेनाधिकाऱ्याने एका अधिकाऱ्याला बाप्तिस्म्याविषयीच्या मतांवरून बाजूला काढलं. क्रॉमवेलचं उत्तर: राज्य आपली माणसं निवडताना त्यांची मतं पाहत नाही, निष्ठेने सेवा करायची तयारी असेल तर तेवढं पुरे. देवभीरू माणूस हवा, पण कुठल्या पंथाचा हे विचारायचं नाही. ही भानगड लक्षात ठेवावी, डनबारच्या लढाईत ती पुन्हा भेटेल.

(दृश्य: लाकडी खोडा. टेबलावर चांदीची नाणी पडतात.)

निवडीनंतर वळण लावणं. १६४३ च्या वसंतातलं एक बातमीपत्र क्रॉमवेलच्या स्वारांविषयी सांगतं: जो शपथा घालून शिवी देईल त्याने १२ पेन्स भरावेत, जो पिऊन दिसेल तो खोड्यात, किंवा त्याहून वाईट. १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग. घोडेस्वाराचा दिवसाचा पगार दोन शिलिंग होता, आणि त्यातूनच घोड्याचा चारा भागवायचा. म्हणजे तोंडून निसटलेल्या एका शब्दाला अर्ध्या दिवसाची कमाई. ज्याला जीभ आवरायची सवय रोज लागते, त्याला लगाम आवरायला सांगता येतं.

पार्लमेंटच्या सैन्याचे लष्करी कायदे १६४२ मध्ये छापले गेले, तेव्हा पहिलं प्रकरण होतं देवाप्रति कर्तव्यांचं. ईश्वरनिंदेला तापल्या लोखंडाने जीभ टोचण्याची शिक्षा. बलात्काराला मृत्युदंड. पळून गेलेल्या दोन स्वारांना तर हंटिंग्डनच्या भर बाजारात फटके मारले गेले.

(दृश्य: तळहातावर मावणारी पुस्तिका. पानं उलटतात.)

ही १६ पानांची पुस्तिका, ‘सोल्जर्स पॉकेट बायबल’. ऑगस्ट १६४३ ची. अख्खं बायबल शिपायाच्या खिशात मावत नाही, म्हणून जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरातली लढणाऱ्याला लागू पडणारी वचनं निवडून मथळ्यांखाली लावली. मथळे असे: शिपायाने दुष्कर्म करू नये. शिपायाने लढाईला जाण्याआधी प्रार्थना करावी. शिपायाने ऐन लढाईच्या क्षणी मनातल्या मनात देवाला हाक मारावी. आणि एक मथळा फारच स्पष्ट: कधी कधी देवाच्या लोकांचाही पराभव होतो. हरल्यावर फौज विस्कटते, कारण आपलं काय चुकलं हे तिला कळत नाही. इथे उत्तर आधीच लिहून ठेवलेलं: चूक आपल्यात शोधा, आणि पुन्हा उभे राहा.

आणखीही एक मथळा आहे. शत्रूवर तो आपला शत्रू म्हणून प्रेम करा, आणि तो देवाचा शत्रू म्हणून त्याचा द्वेष करा. या एका ओळीत बरंच काही पुढे येणार होतं.

बायबलात, पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळातले नऊ गुण मोजले आहेत. प्रीतीपासून सुरुवात, आणि अगदी शेवटी इंद्रियदमन. रणांगणावर पहिल्याने कामाला येतो तो हा शेवटचा.

(दृश्य: स्वार तयार होतो. कातडी डगला, चिलखत, शिरस्त्राण, खोगिराला पिस्तुलं. सगळं जवळून.)

तेलात कमावलेल्या जाड कातड्याचा डगला. वर छाती आणि पाठीचं पोलादी चिलखत. शिरस्त्राणाला पुढे तीन गज, मागे मानेवर झिंग्याच्या शेपटीसारख्या एकावर एक पट्ट्या. तलवार. खोगिराच्या पुढच्या अंगाला दोन पिस्तुलं, म्हणजे दोनच गोळ्या. चालत्या घोड्यावर पुन्हा ठासणं जवळजवळ अशक्य. पिस्तूल कलतं धरायचं, चाप वरच्या अंगाला, म्हणजे रंजक, बार पेटवणारी बारीक दारू, छिद्रावर टिकते. नाहीतर हिसक्याने सांडते आणि बार फुसका जातो. गोळी झाडायची ती समोरच्याच्या अंगाला नळी टेकेल इतक्या जवळून.

ओळी तीन. गुडघ्याला गुडघा. चाल दुडकी, भरधाव नाही. ग्रँथमजवळच्या चकमकीनंतर मे १६४३ मध्ये क्रॉमवेलने स्वतः लिहिलं आहे की आम्ही चांगल्या दुडक्या चालीने त्यांच्यावर गेलो. भरधाव सुटलेल्या ओळीत चांगले घोडे पुढे जातात, हलके मागे राहतात आणि धडक एकेकट्याची होते. दुडकीने ओळ भिंतीसारखी राहते, आणि घोड्यात दम उरतो.

(दृश्य: धडक, मंद गतीत. मग तुतारी.)

आता पाहण्यासारखा भाग. फळी फुटली. कप्तान लगाम खेचतो. तुतारीवाला ‘आला स्टँडार्डो’ वाजवतो, म्हणजे निशाणाकडे चला. निशाणबरदार आहे तिथेच उभा राहतो, निशाण सरळ. स्वार आपापल्या निशाणापाशी येतात, नायक रांगा मोजतात, रिकाम्या जागा भरतात. घोडे धापा टाकतात, टाकू द्यायच्या. तीन ओळी उभ्या राहिल्या की तोंड वळवायचं, पुढच्या कामाकडे.

बिघडतं ते इथेच. निशाणबरदार पडतो, मग जमायचं कुठे ते कुणालाच कळत नाही. बंदुकीच्या दारूच्या धुरात दोन तुकड्या एकमेकींत मिसळतात आणि स्वार परक्या निशाणाखाली उभे राहतात. तुतारी गोंगाटात बुडते. पण सगळ्यांत घातक म्हणजे कप्तानच शिकारीच्या नादाला लागतो. तो थांबला नाही तर मागचा कुणीही थांबत नाही. म्हणून दंड कप्तानालाही सारखाच, आणि प्रार्थनेला तोही माणसांच्या शेजारीच गुडघ्यावर.

राजाच्याच पक्षाच्या क्लॅरेंडनने हा फरक नोंदवून ठेवला: आपले स्वार जिंकत, पण एकदा धडक दिली की त्या दिवशी पुन्हा जमत नसत, त्यांचे स्वार जिंकोत वा हरोत, लगेच जमून हुकमाची वाट पाहत.

(दृश्य: मार्स्टन मूरचा स्तंभ. संध्याकाळ, पिकांवर वारा.)

२ जुलै १६४४, यॉर्कजवळ. लढाई पेटली तीच संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. डाव्या बगलेला क्रॉमवेलने रूपर्टचा रिसाला मोडला. त्यात डेव्हिड लेस्लीच्या स्कॉटिश स्वारांचा हात मोठा होता. क्रॉमवेलने आपल्या पत्रात त्यांना जेमतेम अर्धं वाक्य दिलं. नम्रतेचा गुण इथे जरा कमी पडला म्हणायचा.

उजव्या बगलेला उलट झालं होतं. तिथे सर थॉमस फेअरफॅक्सची फळी फुटली आणि राजाच्या गोरिंगचे स्वार सामान लुटायला धावले. फेअरफॅक्सने टोपीवरची आपल्या पक्षाची पांढरी खूण काढून टाकली आणि शत्रूच्या गर्दीतून एकटा घोडा हाकत क्रॉमवेलपर्यंत आला. क्रॉमवेलचे स्वार ओळीत उभे होते, म्हणून ते वळू शकले. राजाच्या फौजेच्या पिछाडीने अख्खं मैदान ओलांडून ते गोरिंगच्या मूळ जागेवर जाऊन उभे राहिले. लुटीवरून परतणारे एकेक, दोन-दोन करत त्यांच्यासमोर आले.

तीन दिवसांनी क्रॉमवेलने आपल्या मेहुण्याला पत्र लिहिलं: देवाने तुमचा थोरला मुलगा तोफेच्या गोळ्याने नेला.

(दृश्य: पत्रातली तीच ओळ. शांतता, सहा सेकंद.)

(दृश्य: नेझबी. कुंपणं, शेतं, मग लाल डगल्यांच्या रांगा.)

१६४५ मध्ये पार्लमेंटने नवी फौज उभी केली, न्यू मॉडेल आर्मी. कागदावर २२,००० माणसं: रिसाल्याच्या ११ पलटणी ६०० ची एकेक, पायदळाच्या १२ पलटणी १,२०० ची एकेक, वर १,००० ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून जाऊन पायी लढणारे शिपाई. सरसेनापती फेअरफॅक्स, रिसाला क्रॉमवेलकडे. हे सगळे संत होते अशी समजूत करून घेऊ नये. पायदळातले बरेचसे सक्तीने भरती केलेले, संधी मिळाली की पळणारे. त्यांचा रोज ८ पेन्स, तोही थकणारा. पगार थकला की शिपाई गावात फुकट जेवतो, आणि तिथून लुटीला फार अंतर राहत नाही. १६४७ मध्ये घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता, तेव्हा प्रार्थना करणारेच बंडाची भाषा बोलू लागले.

नेझबीला, १४ जून १६४५ रोजी, एजहिल पुन्हा घडलं. रूपर्टने समोरची बगल फोडली आणि तो सामानाच्या तांड्यापर्यंत गेला. दुसऱ्या बगलेला क्रॉमवेलने समोरचे स्वार उधळले, त्यांच्या मागावर थोडी माणसं ठेवली आणि बाकीची राजाच्या पायदळावर वळवली. राजाची मुख्य फौज त्या सकाळी संपली. सुमारे ४,५०० कैदी. पाठलागात राजाच्या बाजारबुणग्यांतल्या शंभरावर बायका मारल्या गेल्या, कित्येकींचे चेहरे चिरले. निशाणापाशी जमवण्याची ती कवायत त्यांच्यासाठी कुणी वाजवली नाही.

विजय जसे वाढले तसा प्रत्येक विजय देवाची सही वाटू लागला. मग पराभूताशी कसं वागायचं हा प्रश्नच उरत नाही. जानेवारी १६४९ मध्ये राजाचं शिर उडवलं. त्याच सप्टेंबरात आयर्लंडमध्ये ड्रोगेडा पडल्यावर शिबंदीची कत्तल झाली, धर्मगुरू आणि नागरिकही त्यात मेले. क्रॉमवेलने तिला देवाचा न्याय्य निवाडा म्हटलं.

(दृश्य: डनबार. समुद्र, करडं आकाश, डून टेकडी.)

३ सप्टेंबर १६५०. आता समोर स्कॉटलंड, आणि सेनापती तोच डेव्हिड लेस्ली. दोन्ही छावण्यांत तीच स्तोत्रं. महिनाभर आधी क्रॉमवेलने स्कॉटिश चर्चला लिहिलं होतं: ख्रिस्तासाठी विनवतो, आपण चुकत असू शकतो असं एकदा मनात आणून पाहा. चर्चचे लोक मात्र लेस्लीची फौज शुद्ध करण्यात गुंतले होते. पुरेशी धर्मनिष्ठ नाहीत म्हणून सुमारे ८० अधिकारी आणि ३,००० माणसं घरी पाठवली गेली, त्यांत मुरलेले लढवय्ये. गुण पारखायचा सोडून मत पारखलं की हे असं होतं.

रात्रभर पाऊस. शिपायांचे तोडे, म्हणजे बंदुकीला बत्ती देणाऱ्या पेटत्या दोऱ्या, विझलेले. पहाटेच्या अंधारात क्रॉमवेलने लेस्लीच्या उजव्या बगलेवर धडक दिली. परवलीचा शब्द: सेनाधीश परमेश्वर. समुद्रावर सूर्य आला तेव्हा त्याच्या तोंडून स्तोत्र ६८ ची सुरुवात ऐकल्याचं सांगतात: देव उठो, त्याचे वैरी विखरोत.

स्कॉटिश फळी फुटली. पाठलाग सुरू करण्याआधी क्रॉमवेलने रिसाला थांबवला आणि सगळ्यांनी स्तोत्र ११७ गायलं. बायबलातलं सर्वांत लहान स्तोत्र, दोनच ओव्या. ते संपेपर्यंत मागचे स्वार येऊन मिळाले, ओळी भरल्या, घोड्यांचा दम परत आला.

(दृश्य: घोडे, श्वास. गाणं दुरून, शब्द न कळणारं.)

मग आठ मैल पाठलाग.

कैद्यांपैकी सुमारे ३,००० जणांना डरमच्या कॅथेड्रलमध्ये कोंडलं. उपासमार, थंडी आणि हगवण यांनी त्यांतले निम्म्याहून अधिक मेले.

(दृश्य: डरम, २०१३. कॅथेड्रलजवळचं खोदकाम. ब्रशखाली उघडी होणारी हाडं. निवेदन नाही.)