23 खिडक्यांची फोक्सवॅगन बस: संग्राहक नेमके पैसे कशाचे मोजतात?

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर दिसतेय ती फोक्सवॅगनची टाइप 2 बस, सांबा मॉडेल. दोन तुकड्यांची पुढची काच, छताच्या दोन्ही कडांना चार-चार छोट्या काचा आणि मधे मागे सरकवता येणारं कापडी छत. सगळ्या मिळून 23 खिडक्या! 2011 मध्ये अमेरिकेतल्या बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात 1963 ची अशीच एक बस दोन लाख डॉलरच्याही वर गेली. आणि वेगाचं म्हणाल, तर सुरुवातीच्या बसला इंजिन होतं जेमतेम 25 हॉर्सपॉवरचं. मग एवढे पैसे कशासाठी?

ही गाडी जन्मली कशी ते आधी बघू. 1947 मध्ये बेन पॉन नावाचे डच आयातदार जर्मनीत फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबर्गच्या कारखान्यात गेले. तिथे फोक्सवॅगनच्या बीटल या छोट्या कारचेच भाग जोडून बनवलेली, कारखान्यातल्या कारखान्यात माल वाहणारी एक ओबडधोबड गाडी त्यांना दिसली. त्यांनी वहीत एक चित्र काढलं: डब्यासारखी गाडी, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे. माल मधोमध येत असल्यामुळे गाडी भरलेली असो की रिकामी, तोल फारसा बिघडत नाही. 1950 मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सांबा आली आणि वेस्टफालिया कंपनीचा कॅम्पिंग बॉक्सही. आठवडाभर त्याच गाडीतून माल न्यायचा, सुट्टी आली की कपाटं, शेगडी, बिछाना आत बसवायचा आणि निघायचं. मला या गाडीचं सगळ्यात मोठं आकर्षण हेच वाटतं. कष्टाची गाडी आणि भटकंतीची गाडी एकच.

पण कष्टाच्या गाड्या जपून कोण ठेवतो? बहुतेक गंजून गेल्या. म्हणून तर उरलेल्यांना भाव आहे.

आता खरा मुद्दा. रीस्टोअर केलेली बस समोर आली की रंगाची चकाकी बघून हरखून जाऊ नका. आधी खाली वाका. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा: गंज इथे धरतो. जाड पुट्टी भरून वर रंग मारला की फोटोत काहीच कळत नाही. लोहचुंबक फिरवून बघा, पुट्टी असेल तिथे तो धरत नाही.

मग पुढच्या सीटच्या मागे बघा. तिथे एक छोटीशी पट्टी असते, तिला एम-प्लेट म्हणतात. दिसायला नुसते आकडे आणि अक्षरं, पण गाडी कधी बनली, कुठला रंग होता, कुठल्या देशात पाठवली, कारखान्यातून काय काय बसवून निघाली, हे सगळं त्यात असतं. ही पट्टी फेकून दिलेली गाडी कितीही देखणी असली तरी मी दोनदा विचार करेन.

कारण सांबाला भाव आला तसे साध्या बसचं छत कापून काचा बसवणारेही आले. ओळखायचं कसं? 1964 च्या मॉडेलपासून मागचं दार रुंद झालं, त्यामुळे मागच्या कोपऱ्यांतल्या दोन वळणदार काचा गेल्या आणि खिडक्या उरल्या 21. तेव्हा कुणी 1965 ची बस 23 खिडक्यांसकट दाखवत असेल, तर तिथेच थांबा! शिवाय 1965 च्या मॉडेलपासून चॅसी नंबरचे पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा वर्ष. 245 ने सुरू होणारा नंबर म्हणजे 1965 ची डीलक्स बस, म्हणजेच सांबा. हा नंबर इंजिनच्या कप्प्यात कोरलेला असतो. कागदांशी जुळवून बघाच.

आणि एक कळकळीची विनंती. गाडी घेतलीत तर क्रोम आणि पडद्यांच्या आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. जुन्या नळ्यांना भेगा पडतात, पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं, आणि या इंजिनचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो एकदा पेटला की विझवणं फार अवघड, पाण्याने तर आग आणखी भडकते. गाडीत अग्निशामक ठेवाच, पण नळ्या आधी.