घरातली चप्पल

[दृश्य: नौपाड्यातली जुनी इमारत. जिना. प्रत्येक दाराबाहेर चपला.]

ठाण्यातल्या जुन्या इमारतीत जिना चढताना कुणाकडे पाहुणे आलेत, कोण अजून ऑफिसातून यायचंय, हे दारातल्या चपलांवरून कळतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये या चपला शू रॅकमध्ये गेल्या, पण त्या उंबऱ्याबाहेर काढायच्या हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. रस्त्यावरची घाण घरात नको. त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही.

आमचा प्रश्न उंबऱ्याच्या आतला आहे. आत आल्यावर पायात काय घालायचं?

[दृश्य: घराघरांतले पाय. ओट्यापाशी उभे, झुल्यावर लोंबकळणारे, देवघरासमोर.]

बहुतेक घरांत काहीच नाही. कुठे बाथरूमच्या दाराशी एक ओली स्लीपर असते, ती ज्याला लागेल त्याने घालायची. थंडीत कुणी मोजे घालतं. आणि एखाद्या घरात एखादीच व्यक्ती घरभर चप्पल घालून फिरते. तिला विचारलं की ती आधी थोडी संकोचते, मग म्हणते, "डॉक्टरांनी सांगितलंय."

हा संकोच का, ते कळायला घरातल्या आजींशी बोलावं लागतं. "घरात चप्पल? अरे, इथे आपण ताट घेऊन बसतो, इथेच लहान मूल रांगतं, समोर देव आहेत." आजींचं यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. ज्या जमिनीवर जेवायचं, झोपायचं, कुरडया-पापड वाळत घालायचे, तिथे चप्पल नको हे शहाणपणाचंच होतं.

पण दरम्यान आपलं घरात वावरणं बदललं. ते जमिनीपासून वर आलं.

[दृश्य: शहाबादी फरशीचं जुनं स्वयंपाकघर. त्यानंतर ग्रॅनाइटचा ओटा.]

सारवलेली जमीन गेली, कोबा आला. मग शहाबादी फरशी, मग ठिपक्यांची मोझॅक, आता व्हिट्रिफाइड. "पूर्वी लोक अनवाणीच होते ना, त्यांना कुठे काय झालं?" असं कुणी म्हणालं की आम्हाला ही फरशी आठवते. शहाबादी म्हणजे दगडच, ती काही मऊ नव्हती. फरक असा, की त्या दगडावर आपली आजी बसून काम करायची. पाटावर बसून विळीवर भाजी चिरायची, बसून पोळ्या लाटायची, मोरीत बसून भांडी घासायची. आज तिची नात ओट्यापाशी उभी असते. डबे, नाश्ता, मिक्सर, सिंक, गॅस. सगळं उभ्याने, आणि सगळं वजन टाचांवर. ती उभी असते त्या टाइलमध्ये पाणीसुद्धा धड मुरत नाही, इतकी ती घट्ट भाजलेली असते. दबणं तर दूरच.

टाचेखाली निसर्गाने चरबीची एक गादी दिली आहे. लहान लहान कप्प्यांत बांधलेली, साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जाड. पाऊल पडलं की धक्का ती झेलते. वयाबरोबर तिचा लवचिकपणा कमी होतो. तिच्या वरच्या बाजूला, टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. तासन्‌तास उभं राहून, वजन वाढून, पोटऱ्या आखडून तो दुखावतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो. म्हणून सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी होतं, आणि कमी झालं म्हणून आपण विसरतो. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात. यावर पहिले उपाय अगदी साधे आहेत: पोटऱ्यांचे आणि तळव्याचे ताणाचे व्यायाम, आणि कडक फरशीवर अनवाणी उभं न राहणं.

[दृश्य: पॅसेजमध्ये धावणारी मुलं.]

याचा अर्थ सगळ्यांनी सगळा वेळ चप्पल घालावी, असा मुळीच नाही. १९९२ साली आपल्याच देशातल्या एका अभ्यासात ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. पायताण घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्या मुलांमध्ये ते प्रमाण सर्वांत जास्त होतं. तेव्हा घरात मुलं अनवाणी पळत असतील तर पळू द्या. त्यांच्या पायांना तेच हवंय.

पण त्याच घरात, त्याच फरशीवर, मधुमेह असलेले आजोबा चालत असतात.

[दृश्य: आरामखुर्ची. आजोबांचे पाय. जवळून तळवा.]

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेही लोक सुमारे १० कोटी १० लाख आहेत. म्हणजे आपल्या प्रत्येक इमारतीत आहेत. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. मग टाचणी रुतली तरी कळत नाही. नातवाच्या खेळण्याचा तुटका तुकडा, पूजेच्या नारळाची करवंटी, ओट्याखाली राहिलेली काच, सगळं घरातच असतं. जखम होते, दुखत नाही म्हणून दिसत नाही, दिसते तेव्हा चिघळलेली असते. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने स्पष्टच सांगितलंय, की ज्यांच्या पायांना धोका आहे त्यांनी अनवाणी चालू नये, नुसते मोजे घालून चालू नये, पातळ तळाच्या सपातांवरही चालू नये, आणि हे घराबाहेर जितकं, तितकंच घरातही. आम्हाला हा "घरातही" शब्द मोठ्याने वाचून दाखवावासा वाटतो, कारण डॉक्टरांकडे जाताना चांगले बूट घालणारे आजोबा घरी आले की ते दारातच काढून ठेवतात. एप्रिल-मे महिन्यांत देवळाच्या तापलेल्या फरशीवर पोळणारे पायही असेच बधिर झालेले असतात. देवळात चप्पल चालत नाही. मग सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत.

अशा बधिर पायांसाठी मेडिकलच्या दुकानात मिळते ती एमसीआरची चप्पल, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची. तिचा इतिहास आपल्याकडचाच आहे. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटं आजारानेच झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की पायाला काही कळेनासं होतं, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि पाय त्याने जातो. मग बधिर पायांसाठी मऊ पण दबून न बसणारं रबर शोधलं गेलं, आणि त्याच्या चपला रुग्णांच्या पायात आल्या. त्याच विचारातून बनलेली चप्पल आज ठाण्यातला मधुमेही माणूस घालतो. ती दिसायला ओबडधोबड असते. घालायला लाजू नये.

[दृश्य: जांभळी नाक्याची बाजारगल्ली. चपलांच्या टोपल्या. हातात एक जोड.]

बाजारात मात्र गोंधळ उडतो. सगळ्यांना मऊ हवी असते. अंगठा दाबला की रुतला पाहिजे, पाय टाकला की ढगावर आल्यासारखं वाटलं पाहिजे. टाच दुखणाऱ्या सुनेला थोडी मऊ चप्पल ठीक आहे. सत्तरीच्या सासूबाईंना तीच जोड दिली तर त्या पडायची भीती जास्त. म्हाताऱ्या माणसाचा तोल पावलाला जमीन कळण्यावर असतो. जाड, लुसलुशीत तळामुळे ती कळत नाही. त्यांना पातळसर, थोडा घट्ट तळ, खाली खोल रेघा, आणि मागून पट्टा हवा. पट्टा नसला तर चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात, पाय उचलायच्या ऐवजी घासत चालावं लागतं, आणि सतरंजीच्या काठात पाय अडकतो. म्हणून "घरात एक जोड आहे ना, सगळे तीच वापरा" हे आम्हाला अजिबात पटत नाही.

आता ही एक जुनी जोड बघा. टाचेच्या बाहेरच्या काठाला तळ घासून तिरका झालाय. खालच्या रेघा पुसल्यात, तळ काचेसारखा गुळगुळीत. टाचेच्या जागी खड्डा पडलाय. अंगठ्याने दाबा. खड्डा वर येत नाही. स्पंज मेलाय. बंद मात्र शाबूत आहे, म्हणून चप्पल अजून पायात आहे. आपल्याकडे बंद तुटेपर्यंत चप्पल टाकत नाहीत. बंद तुटला तर सेफ्टी पिन लावतात, किंवा स्टेशनजवळ काकांकडून नवा बंद घालून घेतात. ही काटकसर आम्हाला मनापासून आवडते. पण बाथरूममध्ये पाय घसरतो तो या मेलेल्या तळामुळे. तळ गेला की चप्पल गेली.

आजींचं म्हणणं? त्यावर घराघरांनी आपापली वाट काढलीय. घरातली जोड वेगळी, ती उंबरा ओलांडत नाही, आठवड्याला साबणाने धुतली जाते, आणि देवघरासमोर काढून ठेवली जाते. कोलशेतच्या एका घरातल्या आजींनी सुनेला एवढंच विचारलं, "ही बाहेरची नाही ना?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

[दृश्य: सकाळचे आठ. इमारतीच्या जिन्यात प्लास्टिकची जुनी चप्पल, बाकीच्यांपासून थोडी दूर काढलेली.]

या सगळ्या घरांत आणखी एक व्यक्ती असते. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा ती प्रत्येक घरात होती, आणि घरातल्या चपलांबद्दल बोलताना तिचं नाव कुणीच काढलं नाही.

कळव्याहून, लोकमान्य नगरातून मावशी सकाळी येतात. चार-पाच घरं करतात. प्रत्येक दाराबाहेर चप्पल काढतात आणि दुपारपर्यंत दुसऱ्यांच्या फरशीवर अनवाणी उभ्या असतात. भांडी, लादी, बाथरूम. फिनेलचं पाणी, कपड्यांच्या साबणाचं पाणी. त्यांच्या टाचांना भेगा असतात, इतक्या खोल की हिवाळ्यात रक्त येतं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. एका मावशींनी आम्हाला पाय दाखवले. रात्री कोकमाचं तेल कोमट करून भेगांमध्ये भरतात आणि सकाळी पुन्हा ओल्यात उभ्या राहतात. चप्पल का घालत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "वहिनींच्या घरात चप्पल घालून कशी फिरू? बरं दिसत नाही." वहिनी बाजूलाच होत्या. त्यांच्या पायात मऊ चप्पल होती. त्या म्हणाल्या, "अहो मावशी, मी कधी नको म्हटलं?" खरंच म्हटलं नव्हतं. घाला असंही म्हटलं नव्हतं.

त्या फरशीवर सर्वांत जास्त वेळ उभी असते ती बाई अनवाणी आहे, हे आम्हाला बरोबर वाटत नाही. चिखल्यांना मलम लावून भागत नाही, पाय कोरडे राहायला हवेत. भेगांना तेल लावून भागत नाही, टाच ओल्या दगडावरून उचलली जायला हवी. त्यासाठी रबराची, खोल रेघांची, मागून पट्टा असलेली, भोकं असल्यामुळे पाणी निघून जाणारी एक जोड लागते. आपण बाहेरून मागवलेल्या एका जेवणापेक्षा ती फारशी महाग नसते. ती मावशींची स्वतःची हवी, त्यांच्यासाठी बाथरूमच्या दाराशी ठेवलेली, इतर कुणी पाय न घालायची.

अंदाजाने आणू नका. मोठी झाली तर ओल्या लादीवर तीच घसरवेल. नंबर विचारा, नाहीतर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ मारून घ्या, तीही काम संपल्यावर, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात. आणि जोड आणल्यावर "घालत जा हं" असं एकदा तोंडाने म्हणा. वहिनींनी ते म्हटलं. मावशींनी नंबर सांगितला, पाच.