गॉर्डन हॉल यांची मराठी

श्रोतेहो, नमस्कार.

११ फेब्रुवारी १८१३ रोजी अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबई बंदरात उतरले, तेव्हा त्यांचं वय होतं २८. सोबत सॅम्युएल नॉट आणि त्यांच्या पत्नी रोक्साना होत्या. अमेरिकेतून निघून वर्ष होत आलं होतं आणि मुंबईत राहण्याची परवानगी हातात नव्हती.

वर्षभरापूर्वी, ६ फेब्रुवारी १८१२ला, अमेरिकेतल्या सेलम गावच्या चर्चमध्ये हॉल यांच्यासह पाच तरुणांना परदेशी धर्मसेवेची दीक्षा मिळाली होती. हॉल ज्या जहाजाने निघाले ते फिलाडेल्फियाहून कलकत्त्याला पोहोचायला साडेपाच महिने लागले. पोहोचताच कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला. वेल्लोरच्या १८०६च्या बंडानंतर धर्मप्रचारकांमुळे शिपाई बिथरतील, अशी कंपनीला धास्ती होती. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपलेलं, म्हणजे हे शत्रूदेशाचे लोक. त्याच पाचांपैकी सॅम्युएल न्यूएल यांना मॉरिशसला वळावं लागलं. तिथं त्यांची पत्नी हॅरिएट वारली, अवघ्या १९ वर्षांची. तिचं बाळ त्याआधी समुद्रातच गेलं होतं.

मुंबईतही तोच हुकूम मागोमाग आला. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्जामागून अर्ज केले. एकदा तर हॉल आणि नॉट गुपचूप कोचीनपर्यंत गेले आणि तिथून परत आणले गेले. १८१३च्या डिसेंबरात त्यांना इंग्लंडच्या जहाजावर चढवायचं ठरलं होतं, आणि अगदी ऐन वेळी हुकूम स्थगित झाला. हे सगळं चालू असताना हॉल मराठी शिकत होते. उद्या इथं राहायला मिळेल की नाही हे ठाऊक नसताना माणूस रोज सकाळी शास्त्रीबुवांपुढे बाराखडी घेऊन बसतो, ही त्यांच्या श्रद्धेची मला सर्वांत खरी खूण वाटते.

तेव्हा मराठी शिकायची म्हणजे कशाच्या आधारावर? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यायला १८३१ उजाडायचं होतं. विल्यम कॅरी यांचं १८०५चं व्याकरण आणि १८१०चा कोश होता, पण तो बंगालमधल्या श्रीरामपूरला, नागपूरकडच्या पंडिताच्या मदतीने झालेला. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कानांना त्यातली मराठी परकी वाटे. म्हणून सकाळी पंडिताकडे शिकायचं आणि मग बाजारात, विहिरीवर, देवळाच्या आवारात जाऊन बोलून बघायचं. पंडिताचे शब्द संस्कृतातले, बाजारातले वेगळे. जे समोरच्याला कळलं तेच आपलं.

इंग्रजी बोलणारा माणूस मराठीत कुठं अडखळतो, हे शिकवणाऱ्याला लगेच कळतं. त आणि ट त्याला एकच ऐकू येतात. ‘चाक’मधला च आणि ‘चिंच’मधला च वेगळा, हे कोणी लिहून दाखवत नाही. पण धर्मोपदेशकाची खरी कसोटी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन शब्दांत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. जमलेल्या लोकांना ‘आम्ही पापी आहोत’ म्हटलं, तर पापी फक्त बोलणारा आणि त्याची माणसं. ‘आपण पापी आहोत’ म्हटलं, की ऐकणाराही त्यात आला. प्रार्थनेत नेमकं उलट. तिथं देवाशीच बोलायचं, त्याला पाप्यांत कसं मोजणार? तिथं ‘आम्ही’च हवं. देवाला ‘तू’ म्हणायचं, हे मात्र मराठी माणसाला समजवावं लागत नाही, आपल्या अभंगांनी ती सवय लावलेली आहे. भाषांतर करणाऱ्याला ही निवड ओळीओळीला करावी लागते आणि तिथं चूक झाली तर वाक्य शुद्ध राहूनही अर्थ फिरतो.

१८१५ला मुलांसाठी शाळा निघाली. १८१६ला छपाई जाणणारे होरेशियो बार्डवेल आले. १० मार्च १८१७ रोजी मिशनच्या छापखान्यात पहिली मराठी पुस्तिका छापायला घेतली: ८ पानं, १,५०० प्रती. काम जिकिरीचं. अक्षराचे खिळे उलटे जुळवायचे, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दाब जास्त पडला की आधी मोडतात त्या याच नाजूक मात्रा. शिवाय पुस्तिका बालबोध, म्हणजे देवनागरी लिपीत, आणि व्यापारी-कारकून रोज लिहीत मोडी. छापलेलं हातात पडलं तरी वाचणारे थोडे, म्हणून शाळा आणि छापखाना जोडीनेच चालवावे लागले. मुलींची शाळा १८२४ची.

आणि फळ? तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके. नॉट १८१५लाच मायदेशी परतले. मॉरिशसहून सिलोनमार्गे मुंबईला आलेले न्यूएल १८२१ला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने गेले. हॉल यांनी १८२५ला पत्नी मार्गारेट आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं, त्यातला एक मुलगा प्रवासातच वारला. हॉल मागे राहिले, कारण मराठी नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या भाषांतराचं, काम पूर्णत्वाला आलं होतं.

२ मार्च १८२६ला ते नाशिककडे निघाले. तिथं पटकीची साथ पेटली होती. जवळची बरीच औषधं त्यांनी तिथंच वाटून टाकली. परतताना सिन्नरजवळच्या दोडी-दापूरला देवळाच्या ओसरीत मुक्काम केला. तिथं पटकीचे दोन रोगी आधीच पडलेले होते. २० मार्चला पहाटे हॉल यांनाच उलट्या-जुलाब सुरू झाले. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. आज एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे घोटाघोटाने पाजत दवाखाना गाठता येतो. तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. आठ तासांत सगळं संपलं. ‘देवाला महिमा असो’ असं ते तीनदा म्हणाले, हे सोबतच्या दोन तरुणांनी मुंबईत येऊन सांगितलं. बेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला १९ दिवस उरले होते.

त्या दोघांनीच खड्डा खणला आणि पेटीशिवाय त्यांना तिथं पुरलं. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पुरा झाला. मार्गारेट यांच्यापर्यंत ही बातमी जहाजानेच जायची होती, म्हणजे आणखी कित्येक महिने.