बूस्ट पडतो तो नेमका कुठे?

(पुण्यात ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही नळी हातोहात मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या. जपून धरा, वाकवलीत तर मोडेल. कधीकाळी ती मऊ रबराची होती. इंजिनाच्या उष्णतेत पंचवीस वर्षं काढली आणि तिचं लाकूड झालं. पत्रकावर विषय ‘ट्विन टर्बो’ असा छापलाय, पण आज आपण बराच वेळ अशा नळ्यांबद्दलच बोलणार आहोत.

मी ऑकलंडमधल्या एका गॅरेजमध्ये बरीच वर्षं काम केलं. न्यूझीलंडमध्ये जपानच्या वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येनं येतात. त्यामुळे तिसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७, म्हणजे जिला सगळे एफडी म्हणतात ती, माझ्या लिफ्टवर वरचेवर चढायची. १९९१च्या अखेरीस ती जपानात आली आणि २००२पर्यंत बनत होती. दोन रोटरचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात असं), एका रोटरचे ६५४ सीसी, दोन्ही मिळून १३०८. आणि त्यावर दोन टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारी चक्रं. त्या दाबालाच बूस्ट म्हणतात. मालकाची तक्रार बहुधा एकच असायची: गाडी पळते, पण ओढत नाही.

या गाडीतले दोन टर्बो एकदम काम करत नाहीत, पाळीनं करतात. पोर्शे ९५९मध्ये १९८६ साली हीच कल्पना होती, माझदानं ती १९९०मध्ये आधी आपल्या कॉस्मो या गाडीत आणली. इंजिनाच्या मिनिटाला साधारण ४५०० फेऱ्यांपर्यंत एक्झॉस्टचा सगळा वायू एकट्या पहिल्या टर्बोला मिळतो, म्हणून तो चटकन जोर धरतो. त्यानंतर टर्बो कंट्रोल व्हॉल्व्ह उघडतो आणि दुसरा टर्बो मदतीला येतो. पण थांबलेल्या टर्बोवर अचानक सगळा भार टाकला तर गाडीला हिसका बसेल. म्हणून त्याच्याकडे आधीपासूनच थोडा वायू सोडून त्याला फिरतं ठेवतात. लोकल पकडणारा माणूस फलाटावर आधी चार पावलं धावतो ना, तसं. त्या वेळी दुसऱ्या टर्बोनं दाबलेली हवा इंजिनाला नको असते, ती चार्ज रिलीफ व्हॉल्व्हमधून बाहेर सोडली जाते. आणि पहिल्याची हवा उलटी दुसऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये आणखी एक झडप असते, चार्ज कंट्रोल व्हॉल्व्ह. ही सगळी दारं उघडतात आणि मिटतात ती निर्वात आणि दाब यांच्या जोरावर. तो जोर पोचवायला सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांची, रांग आणि डझनावारी बारीक नळ्या. बसवल्यात कुठे, तर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांच्या, खाली, जिथे हात पोचत नाही आणि उष्णता मात्र भरपूर.

निरोगी गाडीचा बूस्ट कसा दिसतो, ते पाठ करून ठेवा. पहिला टर्बो १० पीएसआय (दाबाचं एकक) देतो, ४५००च्या आसपास काटा ८पर्यंत उतरतो आणि दुसरा टर्बो आला की पुन्हा १०. जपानी मीटरवर हेच ०.७, ०.५५, ०.७ असं दिसेल. मधला उतार हा दोष नाही. नवीन मुलं त्या उताराच्याच मागे लागतात आणि दिवस घालवतात.

तर गाडी आली की ‘बूस्ट किती पडतो’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: कधी पडतो? डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकवर तिसरा गिअर घ्या, २५०० फेऱ्यांना पेडल पूर्ण दाबा आणि ७०००पर्यंत आकडे नोंदवा. अर्ध्या पेडलवर घेतलेले आकडे फेकून द्या, त्यातून काही कळत नाही.

समजा खालीच बूस्ट नाही, पण ४५००च्या वर गाडी ठणठणीत. म्हणजे टर्बो दोन्ही धडधाकट आहेत, नाहीतर वर १० दिसलेच नसते. मग संशय चार्ज कंट्रोल व्हॉल्व्हवर. त्याला बंद ठेवायला निर्वात लागतो. नळी तडकली किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी झाला की तो उघडा पडतो. पहिल्या टर्बोची हवा दुसऱ्यात शिरते आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून निघून जाते. उलट, खाली सगळं ठीक आणि ४५००नंतर गाडी बसते? तर टर्बो कंट्रोल व्हॉल्व्ह उघडत नसेल, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह मिटत नसेल. ज्या टाक्यांमध्ये निर्वात आणि दाब साठवतात, तिथून शोध सुरू करा.

शोधायचं कसं? हातपंप घ्या, झडप हलवणाऱ्या डबीच्या, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरच्या तोंडाला जोडा, निर्वात द्या. दांडी सरकली पाहिजे, आणि पंपाचा काटा जागेवर थांबला पाहिजे. काटा हळूहळू उतरला तर आतला पडदा फाटलाय. एकमार्गी व्हॉल्व्ह तोंडात धरून फुंका: एका बाजूनं हवा जावी, दुसऱ्या बाजूनं अजिबात नाही. सोलेनॉइडला बारा व्होल्ट दिल्यावर टिक असा आवाज आला म्हणून त्याला पास करू नका. आतला मार्ग खरोखर बदलतोय का, ते फुंकून बघा. मोठे पाइप आणि कपलिंग यांच्यातली गळती शोधायला आत धूर सोडतात, तेही आधी करून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

आता तिसरी तऱ्हा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बूस्ट कमी. एक लाल एफडी अशीच आली होती. काटा अर्ध्या बारच्या, म्हणजे सुमारे ७ पीएसआयच्या, वर जातच नव्हता. आधीच्या गॅरेजनं सगळ्या जुन्या नळ्या काढून नव्या सिलिकॉनच्या घातल्या होत्या, काम अगदी देखणं होतं. तरी बूस्ट येईना, तेव्हा त्यांनी ‘टर्बो गेले’ असा निकाल दिला. मालकानं नव्या जोडीसाठी पैसे जमवायला सुरुवातही केली होती. मी धूर सोडला, गळती नाही. एक्झॉस्टच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला नाही. मग वेस्टगेटच्या, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बोला टाळून बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळी काढली आणि उजेडाकडे धरली. आरपार दिसलं. तिथेच कळलं.

त्या नळीत मूळ कारखान्यातून एक इवलीशी धातूची गोळी बसवलेली असते, मधोमध सुईच्या भोकाएवढा छेद. दाब त्या छेदातून थेंबाथेंबानं अ‍ॅक्च्युएटरकडे जातो आणि सोलेनॉइड त्यातला काही बाहेर सोडून देतो. म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतो आणि बूस्ट ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतो. गोळी नसेल तर दाब असा धो धो येतो की सोलेनॉइडनं कितीही सोडला तरी पुरत नाही. वेस्टगेट स्प्रिंगच्या जोरावरच उघडतो आणि बूस्ट तिथेच अडकतो. जुन्या नळीबरोबर ती गोळी कचऱ्यात गेली होती. दुसरी बसवली, संध्याकाळी डायनोवर घेतली. ०.७, ०.५५, ०.७. मालक बराच वेळ त्या आलेखासमोर उभा होता.

एक कळकळीची विनंती आहे. कमी बूस्ट दिसला की बूस्ट कंट्रोलरचा आकडा वाढवून मोकळं होऊ नका. गळक्या बादलीत नळ जोरात सोडल्यासारखं आहे ते. टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं, हवा जास्त तापते, आणि गळती एखाद्या दिवशी आपोआप मिटली, चिकटलेली झडप सुटली, की बूस्ट एकदम वर उसळतो. रोटरीला नॉकिंग, म्हणजे इंधन-हवेचा अवेळी होणारा स्फोट, सोसत नाही. रोटरच्या टोकाची अपेक्स सील तुटते, तिचे तुकडे बाहेर जाताना टर्बोची पाती खातात. एका नळीच्या आळसापायी अख्खं इंजिन उघडलेलं मी पाहिलंय.

टर्बो खरोखर जातात का? जातात ना. इनटेकचा पाइप काढा, दांडा दोन बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, बेअरिंगमध्ये तेलाच्या थरासाठी तेवढी जागा असतेच. आत-बाहेर हलतोय का ते बघा. पाती घराला घासल्याच्या खुणा बघा, पाइपमध्ये तेल किती साचलंय ते बघा. त्याच्याबरोबर कॉम्प्रेशनही मोजा, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, कारण प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचा आकडा स्वतंत्र हवा. थकलेल्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये टर्बोला फिरवायचा दमच नसतो. कॉम्प्रेशन चांगलं, नळ्या-झडपा सगळ्या तपासलेल्या, आणि तरीही दांडा आत-बाहेर हलतोय, पाती घासलेली आहेत? मग मालकाला बोलवा, तो दांडा त्याच्याच बोटांत द्या आणि नवे टर्बो घ्यायला सांगा.