हरणाऱ्याचा मान

मित्रहो, ज्या खेळाचा निकाल खेळाआधीच ठरलेला असतो, त्या खेळात थोर कोण, हे कशावरून ठरवायचे? डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, नवी नावे जाहीर झाली की चाहत्यांमध्ये याच प्रश्नावरून वाद पेटतो. बाहेरच्या माणसाला तो पोरकट वाटतो. आपल्याकडे लुटुपुटूच्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि त्या शब्दात तुच्छता भरलेली असते. तेव्हा नुरा कुस्तीतल्या मल्लांचा कसला मान, असे कुणी विचारले तर मला त्याचा राग येत नाही. मी मात्र हा वाद गंभीर मानतो, आणि तो का, हे आज आपल्यासमोर मांडणार आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे, पत्ते आठवत असतील. वर कुस्तीगिराचे छायाचित्र आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स असे आकडे. मधल्या सुट्टीत आम्ही ते जिन्याच्या पायरीवर मांडून बसत असू. खेळून खेळून त्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या. उंची आणि वजनाचे आकडे भांडण मिटवायला पुरत, रँकचा आकडा मात्र भांडण लावत असे. हा एक नंबर कुणी दिला, आणि तो अमक्याला का नाही, असे आम्ही तावातावाने विचारत होतो. आज मोठे झालेले चाहते हॉल ऑफ फेमबद्दल जे विचारतात, ते याहून फारसे वेगळे नाही. फरक इतकाच की आता त्यांच्याजवळ जुन्या तिकीटविक्रीच्या नोंदी आणि शेकडो लढतींची चित्रणे आहेत.

या सन्मानाची सुरुवात 1993 मध्ये झाली. त्या वर्षी जानेवारीत आंद्रे द जायंट हा महाकाय कुस्तीगीर वारला आणि त्याच्या स्मरणार्थ हा मान निर्माण करून पहिले नाव त्याचेच घालण्यात आले. या निवडीवर आजवर कुणी बोट ठेवल्याचे मी ऐकलेले नाही. पण ती नीट न्याहाळली, तर या कलेचा खरा मापदंड तिथेच सापडतो. आंद्रेची सर्वांत गाजलेली लढत 29 मार्च 1987 ची, मिशिगनमधल्या पाँटियाक सिल्व्हरडोममधली, हल्क होगनविरुद्धची. तीत आंद्रे हरला. आदल्याच वर्षी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती, काळ्या पोशाखाखाली त्याने पाठीला आधार देणारा पट्टा बांधला होता, आणि त्या अवस्थेत त्याने स्वतःला उचलू दिले, आपटू दिले. आंद्रेची संमती नसती तर त्या दिवशी होगनला त्याला उचलणे शक्यच नव्हते. प्रेक्षकांचा 93,173 हा जाहीर आकडा अभ्यासू चाहत्यांना मान्य नाही, पण जमलेल्या अफाट गर्दीने जे पाहिले ते खरे होते: एक आजारी, थोर माणूस आपले सगळे वजन, म्हणजे आपली सगळी कीर्ती, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवत होता. हॉल ऑफ फेमचा पहिला मानकरी आपल्या लक्षात राहिला तो हरताना. या धंद्यात पराभव कसा पत्करला आणि समोरच्याला मोठे कसे केले, यालाच कसब म्हणतात. माझे म्हणणे असे आहे की मान द्यायचा तर तो या कसबाला द्यावा.

अडचण अशी की हा मान देणारी संस्था आणि पगार देणारी कंपनी एकच आहे. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेमची वास्तू नाही, जाहीर मतदान नाही, मतदारांची यादी नाही. 1996 नंतर हा सोहळा काही वर्षे बंद पडला आणि 2004 पासून रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या जोडीने पुन्हा सुरू झाला, तोही कंपनीच्या सोयीने. होगनचे नाव 2015 मध्ये त्याच्या वर्णद्वेषी बोलण्याचे ध्वनिमुद्रण बाहेर आल्यावर काढण्यात आले आणि 2018 मध्ये परत घालण्यात आले; दोन्ही निर्णय कंपनीचेच. तेव्हा चाहते चिडून म्हणतात की हा मालकाने केलेला सत्कार आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

याला पर्याय म्हणून 1996 मध्ये ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्राचे संपादक डेव्ह मेल्ट्झर यांनी वेगळा हॉल ऑफ फेम सुरू केला. तिथे आजी-माजी कुस्तीगीर, पत्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक मते देतात, आणि आत जाण्यासाठी 60 टक्के मते लागतात. प्रेक्षक खेचण्याची ताकद, रिंगमधले कसब आणि ऐतिहासिक महत्त्व, या तीन गोष्टी तिथे पाहायच्या असतात. निकष उघड असल्यामुळे वाद अधिक नेमका होतो. एखाद्याने अमुक शहरात सलग किती महिने मैदान भरवले, हे कागद काढून दाखवावे लागते.

या पर्यायाचीही परीक्षा झाली. क्रिस बेन्वा हा कुस्तीगीर 2003 मध्ये मतदानाने आत गेला होता आणि जून 2007 मध्ये त्याने पत्नी व मुलाचा खून करून आत्महत्या केली. 2008 मध्ये त्याचे नाव काढावे का, यावर पुन्हा मतदान झाले. निम्म्याहून अधिक मतदारांनी काढावे असे सांगितले, पण काढण्यासाठीही 60 टक्केच लागत होते, म्हणून नाव राहिले. या निकालाशी मी सहमत नाही. नोंद आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेन्वाने केलेल्या लढती इतिहासातून पुसता येणार नाहीत आणि पुसूही नयेत. पण मान देणे ही आपली कृती असते आणि ती मागे घेता येते. तरीसुद्धा तो निकाल मतांनी झाला आणि सर्वांना कळला, एवढ्यासाठी मला त्या मतदारांबद्दल आदर आहे.

आता ज्या माणसासाठी हा सगळा वाद करावासा वाटतो, त्याच्याकडे वळतो. ब्रुनो सामार्तिनो इटलीतल्या पित्सोफेर्रातो या डोंगरी गावचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांपासून लपण्यासाठी त्याच्या आईने मुलांना घेऊन डोंगरात दिवस काढले. 1950 मध्ये हे कुटुंब अमेरिकेतल्या पिट्सबर्गला पोहोचले तेव्हा हा मुलगा अशक्त आणि आजारी होता. पुढे त्याने शरीर कमावले आणि 17 मे 1963 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला अवघ्या 48 सेकंदांत हरवून तो विजेता झाला. विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे 2,803 दिवस राहिला. पुढे तो पुन्हा विजेता झाला; दोन्ही कारकिर्दी मिळून चार हजारांहून जास्त दिवस. गार्डन त्याने 187 वेळा पूर्ण भरले असे सांगितले जाते. जुन्या नोंदी तपासणाऱ्या चाहत्यांनी हा आकडा फुगवलेला ठरवला आहे, आणि गंमत म्हणजे हे काम त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्यांनीच केले आहे. खोट्या आकड्याची त्याला गरज नाही, अशी त्यांची भावना असावी; माझी तरी तशीच आहे.

एप्रिल 1976 मध्ये स्टॅन हॅन्सनने त्याला उचलून आपटताना तोल चुकला आणि सामार्तिनोची मान मोडली. लोकांना मात्र हॅन्सनच्या हाताच्या फटक्याने ती मोडली असे सांगण्यात आले, कारण त्यातून पुढची लढत विकता येत होती. साधारण दोन महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, हा माणूस शे स्टेडियममध्ये त्याच हॅन्सनसमोर पुन्हा उभा राहिला. ज्याच्या हातून मान मोडली त्याच्याच हाती पुन्हा शरीर सोपवायचे, हा विश्वास कुठल्या आकड्यात मोजणार?

असा माणूस 2013 पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये नव्हता. त्याला बोलावले जात होते. तोच नाही म्हणत होता. रिंगमध्ये शिरलेली उत्तेजके आणि कार्यक्रमांतला सवंगपणा त्याला मान्य नव्हता, आणि ते तो उघड बोलत होता. या काळात चाहत्यांच्या वादाला एक धार होती, कारण ज्या सभागृहात सामार्तिनो नाही ते सभागृह कसले, या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हते. कंपनीने औषध-तपासणी सुरू केली, कार्यक्रमांचे स्वरूप बदलले, तेव्हा कुठे तो राजी झाला, आणि 6 एप्रिल 2013 रोजी गार्डनमध्येच अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या हस्ते त्याचा सन्मान झाला. मान घेणाऱ्याने मान देणाऱ्याला अटी घातल्या, असे दुसरे उदाहरण मला या क्षेत्रात आठवत नाही.

ओवेन हार्ट या कुस्तीगिराची गोष्ट याहून अवघड आहे. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटीत कंपनीच्या कार्यक्रमात त्याला छतावरून दोराने रिंगमध्ये उतरवत असताना तो खाली कोसळला आणि गेला. कार्यक्रम त्यानंतरही चालू ठेवण्यात आला. खटला 2000 मध्ये 1 कोटी 80 लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला, पण त्याची पत्नी मार्था यांनी हॉल ऑफ फेमला संमती दिली नाही. मुळात ती वास्तूच नाही, तो पैसे मिळवण्याचा कार्यक्रम आहे, अशा अर्थाचे त्या बोलल्या आहेत. ओवेनचा भाऊ ब्रेट हार्ट याला मात्र भावाचा गौरव व्हावा असे वाटते. चाहते या दोघांमध्ये विभागले गेले आहेत, आणि मीही अनेक वर्षे ब्रेटच्या बाजूने होतो. आता नाही. या धंद्याचा पाया एकमेकांचे शरीर सांभाळण्यावर आहे, आणि जिथे ओवेनचे शरीर सांभाळले गेले नाही, तिथल्या मंचावर त्याचे नाव पुकारले जावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याच्या पत्नीइतका दुसऱ्या कुणालाही नाही.

चाहत्यांच्या वादात मला न पटणारी एक गोष्ट सांगतो. 2009 मध्ये कोको बी. वेअर याला मान मिळाला. खांद्यावर मकाव पोपट घेऊन येणारा, लोकांना हसवणारा आणि बहुतेक मोठ्या लढती हरणारा हा कुस्तीगीर. तेव्हापासून ‘कोको आत आहे, मग अमका का नाही?’ हे वाक्य जणू मोजपट्टी झाले आहे. तसाच एस. डी. जोन्स. 31 मार्च 1985 रोजी पहिल्या रेसलमेनियात किंगकाँग बंडीने त्याला 9 सेकंदांत हरवल्याचे जाहीर झाले. चित्रण पाहिले तर लढत त्याहून थोडी लांबली होती, पण आकडा बंडीला भयंकर ठरवण्यासाठी होता आणि जोन्सने तो निमूटपणे स्वतःच्या नावावर घेतला. बंडी पुढच्याच वर्षी होगनसमोर मुख्य लढतीत उभा राहिला, त्याच्या पायाखाली हे 9 सेकंद होते. जोन्स 2008 मध्ये वारला आणि 2019 मध्ये त्याचे नाव ‘लेगसी’ विभागात आले. अशा माणसांची टिंगल करणाऱ्याला या कलेचे अर्धे अंग दिसलेलेच नाही.

हा लेगसी विभाग 2016 मध्ये सुरू झाला. जुन्या काळातल्या मानकऱ्यांची नावे आणि छायाचित्रे एका चित्रफितीत दाखवली जातात. मंचावर ना कुणी त्यांची ओळख करून देत, ना त्यांच्या वतीने भाषण होते. महिला कुस्तीचा पाया घालणाऱ्या मिल्ड्रेड बर्कला या विभागात जागा मिळाली, आणि तिच्यानंतर आलेली फॅब्युलस मूला 1995 पासून मुख्य यादीत आहे. 2018 मध्ये याच विभागात आपल्या दारासिंगांचे नाव आले.

इथे मी तटस्थ राहू शकत नाही. ऑब्झर्व्हरच्या मंडळींनी दारासिंगांना 1996 च्या पहिल्याच तुकडीत घेतले होते. किंगकाँग नावाच्या जुन्या मल्लाबरोबरच्या (हा बंडी नव्हे) त्यांच्या लढतींनी भारतातली मैदाने भरली, 29 मे 1968 रोजी मुंबईत त्यांनी लू थेझला हरवले, आणि स्वतः अस्सल कुस्ती जाणणाऱ्या थेझने त्यांच्या कसबाची दाद दिली. ग्रेट खलीला 2021 मध्ये मुख्य विभागात मान मिळाला, त्याला माझा विरोध नाही. 2007 मध्ये त्याने जागतिक पट्टा जिंकला आणि पुढे जालंधरला शाळा काढून मुलांना घडवले. पण दारासिंग चित्रफितीत आणि खली मंचावर, हा क्रम मला मान्य नाही. आमच्या पिढीने दारासिंगांना रिंगमध्ये पाहिले नाही, आमच्या पत्त्यांच्या जोडात त्यांचा पत्ता नव्हता. तरी जिन्याच्या त्या पायरीवर कुणी उगाच दंड थोपटू लागला, की दुसरा लगेच विचारत असे, ‘मोठा दारासिंग लागून गेलास का रे?’